फ्लॅशलिस्ट वापरून बघितली: लिस्ट धावते, रो मात्र आपल्यालाच हलकी करायला लागते

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टमधून मोबाईल अ‍ॅप बनवायचं साधन) लांबलचक लिस्ट आहे, वापरणारी माणसं स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर आहेत आणि प्रोजेक्ट न्यू आर्किटेक्चरवर, म्हणजे रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या नव्या अंतर्गत रचनेवर, आलेला आहे, या तीन गोष्टी जुळत असतील तर शॉपिफायची फ्लॅशलिस्ट (लांब लिस्ट दाखवणारी लायब्ररी) घ्या, व्हर्जन २ घ्या, पाचपैकी चार स्टार. जुळत नसतील तर पुढचं वाचून मग ठरवा, कारण व्हिडिओत जो तो "एक लाईन बदला आणि अ‍ॅप सुसाट" म्हणून दाखवतो ना ते अर्धंच खरं आहे, लाईन एकच बदलते पण ती बदलल्यावर रोमधली (लिस्टच्या एकेका ओळीतली) जी घाण वर येते ती साफ करण्यात खरा वेळ जातो.

आमचं अ‍ॅप किराणा होलसेलचं. दुकानदार सकाळी शटर उघडल्यावर किंवा दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मोबाईल काढतो आणि तूरडाळ, साबण, बिस्किटं, अगरबत्ती, शेंगदाणा तेलाचे डबे असा माल टाकत जातो. सर्च दिलेला आहे, कॅटेगरी दिलेल्या आहेत, पण बरेच जण त्याच्या वाटेलाच जात नाहीत. अंगठ्याने लिस्ट जोरात खाली भिरकावायची आणि पळत्या चित्रांवर नजर ठेवायची, पुडा दिसला की "अरे हे संपलंय" आठवतं, थांबायचं, प्लस दाबायचं, परत भिरकावायची. म्हणजे आमच्याकडे स्क्रोल हाच सर्च आहे. आणि फोन कुठले, तर रेडमी ९ए सारखे, हेलिओ जी२५ चिप, २ जीबी रॅम, त्यातली निम्मी व्हॉट्सअ‍ॅप आणि सिस्टीमनेच खाल्लेली. अशा फोनवर जे चालतं ते सगळीकडे चालतं, त्यामुळे हा रिव्ह्यू तिथला आहे, आमच्या टेबलावरच्या आयफोनचा नाही, तिथं तर काहीही टाकलं तरी पळतंच.

तक्रार कशी यायची ते सांगतो कारण निदान त्यातच आहे. एक काका म्हणायचे, "दादा, तुमचं अ‍ॅप अडकत अडकत चालतंय." दुसरे म्हणायचे, "साहेब, मध्येच सगळं पांढरं पडतं, माल कुठं जातो?" आम्ही दोन्ही एकाच तिकिटात टाकायचो, "स्क्रोल स्लो". पण हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

६० हर्ट्झचा स्क्रीन म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. ९० हर्ट्झला ११ च्या आसपास आणि १२० ला ८.३३. एवढ्या वेळात फ्रेम तयार झाली नाही की ती हुकते आणि आधीचीच फ्रेम परत दिसते, डोळ्याला तो झटका जाणवतो. आता रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये गंमत अशी की बोट फिरतं तेव्हा लिस्ट सरकवायचं काम नेटिव्ह बाजूचा यूआय थ्रेड (स्क्रीन रंगवणारी कामाची वेगळी रांग) करतो, जावास्क्रिप्टला विचारत बसत नाही. जावास्क्रिप्टचं काम पुढच्या रो बनवून द्यायचं. म्हणून यूआय थ्रेडवर ओझं पडलं, मोठे फोटो, एकात एक घुसवलेले वीस व्ह्यू, तर लिस्ट अडकते. आणि यूआय थ्रेड मोकळा आहे पण जावास्क्रिप्ट मागे पडलंय तर लिस्ट मस्त सरकते पण सरकून जाते कुठं तर रिकाम्या जागेत, रो अजून बनलेल्याच नसतात, तेच ते पांढरं. पहिल्या काकांचा आजार पहिला आणि दुसऱ्यांचा दुसरा. फ्लॅशलिस्ट मुख्यतः दुसऱ्यावर काम करते. पहिल्यावर थोडंफार. हे एवढं डोक्यात ठेवलं की अपेक्षाभंग होत नाही.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हची घरची फ्लॅटलिस्ट आहेच, २०१७ पासून. तीही हुशार आहे, सगळ्या रो एकदम बनवत नाही, दिसणाऱ्या भागाच्या वर-खाली एक खिडकी धरते आणि खिडकीबाहेरचं काढून टाकते. विंडो-साइझ नावाचा प्रॉप (बाहेरून द्यायची माहिती किंवा सेटिंग) आहे, डीफॉल्ट २१, म्हणजे दिसतोय तो एक स्क्रीन आणि वर १० नि खाली १० स्क्रीन. ऐकायला भरपूर वाटतं. पण खाली जाताना प्रत्येक नवी रो शून्यापासून बनते, कंपोनंट (स्क्रीनचा तो तुकडा) माउंट होतो म्हणजे नव्याने उभा राहतो, नेटिव्ह व्ह्यू तयार होतात, आणि वरची जी बाहेर पडली ती मोडून टाकली जाते. जोरात भिरकावलं की बनवण्याचा वेग कमी पडतो. मग आपण नॉब फिरवत बसतो, विंडो-साइझ कमी केली की मेमरी वाचते पण पांढरं वाढतं, वाढवली की पांढरं कमी होतं पण २ जीबीवाल्या फोनचा जीव जातो, मॅक्स-टू-रेंडर-पर-बॅच वाढवलं की प्लस बटण दाबल्यावर आकडा उशिरा बदलतो कारण जावास्क्रिप्ट रो बनवण्यात गुंतलंय. सगळे प्रॉप फिरवून झाले की माणूस फिरून पहिल्या जागी येतो.

फ्लॅशलिस्टचा मुद्दा साधा आहे. फ्लॅटलिस्ट म्हणजे पत्रावळ, जेवण झालं की फेकली आणि पुढच्याला नवी. फ्लॅशलिस्ट म्हणजे मेसमधलं स्टीलचं ताट, वरून बाहेर गेलेली रो मोडत नाही, तीच खाली आणून तिच्यात नवा माल वाढते. नवीन बनवण्यापेक्षा आहे त्यातला मजकूर बदलणं केव्हाही स्वस्त. ही काही शॉपिफायची जादू नाही बरं का, आयफोनच्या यूआय-टेबल-व्ह्यूमध्ये २००८ पासून हेच चालतं आणि अँड्रॉइडवाल्यांना २०१४ मध्ये रिसायकलर-व्ह्यू मिळाला, नावातच सगळं आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ही आयडिया आधी फ्लिपकार्टवाल्यांनी रिसायकलर-लिस्ट-व्ह्यू म्हणून आणली आणि ओपन सोर्स केली, आणि २०२२ मध्ये शॉपिफायने फ्लॅशलिस्ट काढली तेव्हा तिच्या पोटात तेच इंजिन होतं. त्यामुळे परदेशी लायब्ररी म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर मुळं आपल्या बंगळुरात आहेत.

आता व्हर्जनचा घोळ, कारण अर्धे ट्यूटोरियल अजून व्हर्जन १ चेच फिरतायत. व्हर्जन १ ला एस्टिमेटेड-आयटम-साइझ द्यायला लागायची, म्हणजे साधारण रो किती उंच आहे त्याचा अंदाज. नाही दिला तर कन्सोलमध्ये पिवळी वॉर्निंग यायची आणि तीच सांगायची की इतका आकडा टाका. अंदाज बरोबर असला तर छान, चुकला तर पांढरं यायचं किंवा वर स्क्रोल करताना उडी बसायची.

आणि आमच्याकडे अंदाज चुकायला कारणं भरपूर. मालाची नावं मराठीत. "शेंगदाणा तेल १५ लिटर डबा" एका ओळीत बसतं, "हातसडीचा आंबेमोहोर तांदूळ नवा माल" दोन ओळीत जातं. त्यात निम्म्या दुकानदारांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली, चष्मा घरी राहतो ना, त्यांच्याकडे तेच नाव तीन ओळीत जातं आणि आपला अंदाज गेला उडत. फ्लॅटलिस्टवाले इथं गेट-आयटम-लेआउट देऊन उंची फिक्स करून टाकतात, इंग्रजी अ‍ॅपमध्ये खपून जातं, देवनागरीत मात्र ठरलेल्या उंचीत वरची वेलांटी कापली जाते नाहीतर खालचा उकार, "दूध" चं "दध" होतं. मी हे प्रत्यक्ष चालू अ‍ॅपमध्ये बघितलेलं आहे, मोठ्या मोठ्या लोकांच्या.

व्हर्जन २ मध्ये हा अंदाजाचा प्रकारच काढून टाकलाय आणि माझ्या मते अपग्रेड करायला हे एकच कारण पुरे. न्यू आर्किटेक्चरमध्ये जावास्क्रिप्टला लेआउटची मापं स्क्रीनवर उमटायच्या आधीच, तिथल्या तिथे मागता येतात, जुन्यात ती उशिरा यायची. मग लिस्ट स्वतःच रो मोजते, जागा दुरुस्त करते आणि मगच दाखवते. एका ओळीचा साबण आणि तीन ओळींचा तांदूळ शेजारी शेजारी आले तरी उडी नाही. मोठ्या अक्षरांच्या फोनवर वर-खाली करून बघा, फरक लगेच कळतो. शिवाय व्हर्जन १ मध्ये थोडा नेटिव्ह कोड होता, व्हर्जन २ पूर्ण जावास्क्रिप्टमध्ये आहे, त्यामुळे टाकायला सोपी.

पण मेख अशी की व्हर्जन २ फक्त न्यू आर्किटेक्चरवरच चालते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ०.७६ पासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, नवीन प्रोजेक्टला ते डीफॉल्ट आहे आणि ०.८२ ला तर जुनं बंदच केलं. नवीन लोकांना प्रश्न नाही. ज्यांच्याकडे चार वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट आहे, त्यात कुठलीतरी प्रिंटरची नाहीतर पेमेंटची लायब्ररी आहे जिचा मालक कधीच गायब झालाय, त्यांनी मात्र आधी ते निस्तरा. एका लिस्टसाठी अख्खी आर्किटेक्चर बदलणं मॅनेजरला पटवणं अवघड, पण आज ना उद्या करायलाच लागणार आहे तर लिस्टचं निमित्त वाईट नाही. तोवर व्हर्जन १ वर राहा, तीही फ्लॅटलिस्टपेक्षा बरीच, फक्त अंदाजाचा आकडा खऱ्या फोनवर बघून द्या.

आता परत त्या मेसच्या ताटाकडे येऊ. ताट नीट धुतलं नाही तर पुढच्याला आधीच्याची चटणी दिसते, बरोबर? रिसायकलिंगमध्ये अगदी हेच होतं आणि इथंच सगळ्यांची पंचाईत होते. आमच्या रोमध्ये फोटो, नाव, एमआरपी, आपला भाव आणि मायनस-आकडा-प्लस. समजा तो आकडा रोच्या आतल्या यूज-स्टेटमध्ये (कंपोनंटची स्वतःची आठवण) ठेवलाय. तूरडाळीला प्लस तीनदा दाबलं, आकडा ३. खाली स्क्रोल केलं, तूरडाळीची रो वरून बाहेर गेली, लिस्टने तीच रो उचलून खाली अंगाच्या साबणाला दिली. नाव बदललं, फोटो बदलला, भाव बदलला, कारण ते सगळं प्रॉपमधून येतंय. पण यूज-स्टेट तसंच, कारण रिअ‍ॅक्टच्या दृष्टीने कंपोनंट तोच आहे, नवा माउंट झालेलाच नाही. साबणासमोर ३. दुकानदार म्हणणार मी साबण कुठं मागवला? फ्लॅटलिस्टमध्ये हे दिसलं नसतं, तिथं प्रत्येक रो नवीकोरी. म्हणून लोक म्हणतात फ्लॅशलिस्टमध्ये बग आहे. बग नाही ओ, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, वाचत कोणी नाही.

उपाय दोन. ऑर्डरचा आकडा मुळात रोच्या मालकीचा नाहीच, तो कार्टचा आहे, तर तो स्टोअरमध्ये (अख्ख्या अ‍ॅपचा सामायिक डेटा असतो तिथे) मालाच्या आयडीवर ठेवा आणि रोने फक्त आपल्या आयडीचा आकडा वाचावा. हे तसंही बरोबर डिझाईन आहे. आणि ज्या गोष्टी खरंच रोपुरत्या आहेत, म्हणजे "अजून दाखवा" उघडलंय की बंद वगैरे, त्यांना व्हर्जन २ मधला यूज-रिसायकलिंग-स्टेट वापरा, त्याला आयडी दिला की माल बदलल्याबरोबर स्टेट पहिल्यापासून सुरू होतं. फोटोचंही तसंच, नवा फोटो येईपर्यंत क्षणभर जुना दिसतो, डाळीच्या नावाखाली साबण. एक्स्पो-इमेज वापरत असाल तर तिच्यात रिसायकलिंग-की नावाचा प्रॉप आहे, त्यात आयडी टाका, नवा येईपर्यंत जुना पुसला जातो.

अजून एक, आणि हे जरा चमत्कारिक आहे. रिअ‍ॅक्ट शिकताना की (प्रत्येक ओळीची ओळखखूण) द्या की द्या म्हणून कानीकपाळी ओरडलेलं असतं. लिस्टला की-एक्स्ट्रॅक्टर द्या, ते बरोबरच. पण रोच्या आत एखाद्या व्ह्यूला आयटमच्या आयडीची की लावलीत तर माल बदलला की की बदलते, की बदलली की रिअ‍ॅक्ट तो भाग मोडून नवा बनवतो, म्हणजे रिसायकलिंग बोंबललं. लिस्ट फ्लॅशची, काम फ्लॅटचं. आधी जिथं जिथं यूज-स्टेटची गडबड झाली तिथं कुणीतरी गूगल करून की लावून ठेवलेली असते, चालतंय ना म्हणून. कोड रिव्ह्यूत पहिल्यांदा हीच शोधा. रोच्या आत मॅप करून चिप्स वगैरे दाखवत असाल तर व्हर्जन २ मध्ये यूज-मॅपिंग-हेल्पर आहे, तो त्यासाठीच.

गेट-आयटम-टाइप लोक देतच नाहीत आणि मग म्हणतात फरक नाही पडला. आमच्या लिस्टमध्ये तीन प्रकार, कॅटेगरीचं हेडिंग, माल आणि मध्येच आडवा स्कीमचा बॅनर. टाइप सांगितला नाही तर लिस्ट बॅनरची रो उचलून डाळीला देणार, आतलं सगळं वेगळं, म्हणजे रिअ‍ॅक्टला ते मोडून पुन्हा बांधायला लागणार, फायदा शून्य. टाइप सांगितला की प्रत्येक प्रकाराचा साठा वेगळा राहतो. फंक्शन मात्र हलकं ठेवा, आयटममधला एक शब्द परत करा नि मोकळे व्हा, ते सारखं सारखं बोलावलं जातं.

एवढं करून पांढरं गेलं. म्हणजे अगदी राक्षसासारखं भिरकावलं तर डोळ्याला किंचित काहीतरी चमकतं, पण "माल कुठं जातो" हा फोन बंद झाला. अडकणं मात्र होतंच. आणि इथून पुढचं फ्लॅशलिस्टच्या अखत्यारीत येत नाही, ते तुमची रो आणि तुम्ही.

फोटो बघा. मालाचे फोटो कॅटलॉगवाल्याने दिले १२०० बाय १२०० चे. रोमध्ये दाखवतो ७२ डीपीच्या चौकोनात, आणि रेडमी ९ए सारख्या ७२० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ते होतात साधारण १४४ पिक्सेल. फोटो फाईलमध्ये ८० केबीचा असेल हो, पण उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १२०० गुणिले १२०० गुणिले ४, एका साबणाला साडेपाच एमबीच्या वर. १४४ चा असता तर ८० केबीच्या आसपास. चांगली इमेज लायब्ररी उलगडताना लहान करून घेते, एक्स्पो-इमेज अँड्रॉइडवर ग्लाइड वापरते आणि ग्लाइड ते करतं, पण मोठी फाईल आधी डाउनलोड तर करायला लागतेच, वाचायलाही लागते, आणि दुकानदाराचा डेटा जातो तो वेगळाच. सर्व्हरवरच लहान वेबपी थंबनेल बनवून घेतली आणि अ‍ॅपमधला सगळ्यात मोठा फरक तिथं पडला, लिस्टच्या फरकापेक्षाही मोठा म्हणेन मी. बॅकएंडवाला म्हणाला हे काय आमचं काम आहे का. आहे बाबा, तुझंच आहे.

दुसरी वस्तू कुणाच्या लक्षात येत नाही ती, भाव दाखवणं. १,२४,५०० असा आपल्या पद्धतीने कॉमा हवा म्हणून रोमध्ये दर वेळी नवीन इंटल नंबर-फॉरमॅट तयार केलेला. दिसायला एक ओळ, पण ती वस्तू बनवणं स्वस्त नाही, आणि रोमध्ये दोन भाव, म्हणजे प्रत्येक रोला दोनदा. फाईलच्या वर एकदा बनवून ठेवा आणि तोच वापरा, झालं. तारखांचंही तेच, मोमेंट नाहीतर कसलीतरी लायब्ररी रोमध्ये चालवण्यापेक्षा डेटा आल्यावरच एकदा फॉरमॅट करून ठेवा. रोने येऊन पडलेला मजकूर दाखवावा, डोकं चालवू नये.

बाकी नेहमीचं, मेमो करा (प्रॉप बदलले नसतील तर रो परत बनवू नये म्हणून), कार्टचा आकडा बदलला की अख्खी लिस्ट परत रेंडर होत नाही ना ते बघा, रोमध्ये व्ह्यूच्या आत व्ह्यूच्या आत व्ह्यू असले तर दोन थर काढा. व्हर्जन २ साठी त्यांचं स्वतःचंच सांगणं आहे की लिस्टला देता ते प्रॉप मेमोइझ करून द्या, रेंडर-आयटम जागेवर लिहिण्यापेक्षा यूज-कॉलबॅकमध्ये घाला. आयओएसवर सावल्या टाकताना मागे पक्का रंग द्या. यावर हजार लेख आहेत, मी कशाला दळत बसू.

मोजायचं कसं यावर मात्र बोलायला लागेल कारण निम्मी भांडणं इथंच होतात. डेव्ह मोडमध्ये, म्हणजे डेव्हलपरच्या कामाच्या बिल्डमध्ये, मोजू नका. डेव्ह मोडमध्ये रिअ‍ॅक्ट हजार तपासण्या करत असतो, तिथला स्क्रोल बघून फ्लॅशलिस्ट बेकार म्हणणारे लोक मी ऑफिसात बघितलेत. रिलीज बिल्ड काढा, सगळ्यात फडतूस फोनवर टाका. अँड्रॉइडवर एडीबी शेल डम्पसिस जीएफएक्सइन्फो आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड मारली की किती फ्रेम जँकी (वेळेत न झालेल्या) गेल्या त्याची टक्केवारी येते आणि ५०, ९०, ९५, ९९ पर्सेंटाइलला फ्रेमला किती मिलिसेकंद लागले तेही येतं. आधी रिसेट मारा, मग वरपासून खालपर्यंत तीच लिस्ट तशीच भिरकावा, मग बघा. सरासरीवर जाऊ नका, डोळ्याला खुपते ती वाईटातली वाईट फ्रेम, म्हणून ९५ आणि ९९ बघा.

पण या कमांडला पांढरं दिसत नाही! पांढरी फ्रेमसुद्धा वेळेत काढली तर तिच्या लेखी ती चांगलीच फ्रेम. म्हणजे जीएफएक्सइन्फोचा रिपोर्ट हिरवागार आणि दुकानदार म्हणतोय माल गायब, दोघंही खरं बोलतायत. त्यासाठी सरळ दुसऱ्या फोनने स्लो मोशनमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ काढा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. गावठी पद्धत आहे पण व्हिडिओ मीटिंगमध्ये लावला की वाद संपतो.

एक मार्क का कापला ते. एक तर स्क्रीन बदलताना जुने प्रॉप, जुनी उत्तरं आणि जुने ब्लॉग यांचा इतका चिखल झालाय की नवीन पोरगं व्हर्जन २ टाकून व्हर्जन १ चं औषध घेत बसतं. चॅटच्या स्क्रीनला उलटी लिस्ट लागते, व्हर्जन २ मध्ये इन्व्हर्टेडच्या ऐवजी मेंटेन-व्हिजिबल-कंटेंट-पोझिशनमध्ये खालून सुरू करायचं असं सांगितलंय, ते जास्त नीट आहे मान्य, पण सगळा जुना कोड उलटा विचार करून लिहिलेला असतो, डेटाचा क्रम फिरवण्यापासून सुरुवात. दुसरं म्हणजे "फ्लॅटलिस्टच्या जागी सेकंदात बदला" ही जी जाहिरात आहे ना, ती रो साध्या असतील तरच. रोमध्ये स्टेट असेल तर सेकंद विसरा, अख्खा आठवडा धरा आणि टेस्टिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा की एका मालाचा आकडा दुसऱ्यावर दिसतोय का ते बघ.

कुणी घेऊ नये? ज्यांच्या लिस्टमध्ये तीस-चाळीस साध्या ओळी आहेत, सेटिंगचा स्क्रीन, पत्त्यांची यादी, त्यांनी फ्लॅटलिस्टच ठेवा, तीस ओळींना तर साधा स्क्रोल-व्ह्यूही चालतो, उगाच लायब्ररी वाढवू नका. रिसायकलिंगची कटकट नको असेल तर लेजंड-लिस्ट आहे, तीही जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली, आणि तिच्यात रिसायकल करायचं की नाही हे आपण ठरवायचं. ज्यांच्या रोमध्ये स्टेटचा पसारा आहे आणि आवरायला वेळ नाही त्यांनी ती आधी बघावी. फ्लटरवाले (अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन वापरणारे) हसत असतील, तर बाबांनो, लिस्ट-व्ह्यू बिल्डर न वापरता अख्खा कॉलम स्क्रोलमध्ये कोंबणारी अ‍ॅपं मी बघितलीत, तुमच्याकडेही सगळं आलबेल नाही. अँड्रॉइडच्या कंपोजमधल्या लेझी-कॉलम या लिस्टमध्ये कंटेंट-टाइप आहे, तो म्हणजे गेट-आयटम-टाइपचाच भाऊ, आणि तिथंही लोक तो देतच नाहीत.

किंमत शून्य, एमआयटी लायसन्स, कमर्शियल अ‍ॅपमध्ये बिनधास्त वापरा. ग्रिडसाठी कॉलमची संख्या देता येते, उंच-बुटके फोटो मांडायचे असतील तर मेसनरी हा आता साधा प्रॉप झालाय, आधी वेगळा कंपोनंट घ्यायला लागायचा. आम्ही ते स्कीमच्या स्क्रीनला वापरलं, दहा मिनिटांत झालं, तक्रार नाही.

उद्या बदलायला बसणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी सर्व्हरकडून लहान थंबनेल घ्या, मग रोमधलं स्टेट बाहेर काढा, मग आतल्या की शोधून उडवा, आणि लिस्टचं नाव सगळ्यात शेवटी बदला. पहिल्या तीन गोष्टींचा उपयोग फ्लॅटलिस्टलाही होतो, त्यामुळे मध्येच मॅनेजरने काम थांबवायला लावलं तरी केलेलं वाया जात नाही. न्यू आर्किटेक्चरवर जाताना कुठल्या लायब्ररीने त्रास दिला ते खाली लिहा, आमच्या ब्लूटूथ प्रिंटरवाल्या लायब्ररीला पर्याय मी अजून शोधतोय.